सही केलेला टोपलीवाला

"शकू, माझं कार्ड दे आधी! टोपली मग बांध!"

कमळ्या चिंचेखाली हात पसरून उभा होता आणि शकू फांदीवर. बूड काढलेली बांबूची टोपली झाडाला बांधायची आणि तिच्यातून चेंडू टाकायचा, हा त्या सुट्टीतला खेळ. खालापुरात बास्केटबॉल पाहिला होता कुणी? कमळ्या, शकू आणि गजा या तिघांनी पाहिला होता, तोही फक्त कार्डावर! कमळ्याचा मामा मुंबईच्या गोदीत कामाला. एका परदेशी खलाशाने त्याला ते जुनं कार्ड दिलं होतं. टोपलीकडे झेपावलेला ताडमाड खेळाडू, आणि त्याच्या पायाशी निळ्या शाईत त्याची खरीखुरी सही! कमळ्या कार्डाला ओला हात लावू देत नसे. शकूला मात्र चित्र काढायला एका दिवसापुरतं दिलं होतं.

शकू हळूच खाली उतरली.

"कमळ्या, कार्ड सापडत नाय रं."

"म्हंजे?"

"चित्र पुरं करून फळीवर ठेवलं. सकाळी बघते तर गायब!"

"गजाला दिलंस ना? तो आगपेटीच्या चित्रांच्या बदल्यात मागत होता!"

"ए, माझं नाव कशाला?" गजाने उसळून खिसे उलटे केले. आगपेटीची चित्रं, एक भोवरा आणि अर्धी कैरी निघाली. कार्ड काही निघालं नाही.

वहीच्या पुठ्ठ्याच्या लहानशा तुकड्यावर काढलेलं आपलं चित्र शकूने पुढे केलं. "तोवर हे घे."

"मला खरं पायजे! नायतर कट्टी. जन्माची!" कमळ्याचे डोळे भरून आले. शकूने चित्र परत खिशात ठेवलं. आपण कार्ड जपून ठेवलं होतं, हे पटवणार तरी कसं?

तिघांनी घर पालथं घातलं. "आज बुद्धपौर्णिमा, अन् हा काय धिंगाणा?" शकूची आई चंद्राबाई ओरडली. "चला, टेंपो आलाय!"

शकूचे आजोबा, धर्माजीआबा, घरातली भगवान बुद्धांची तसबीर कशेळ्याच्या नव्या विहाराला देणार होते. सगळी वस्ती टेंपोत दाटीवाटीने बसली. कमळ्याही होता, पण तोंड फिरवून. रस्ता असा, की बसलेला माणूस उभा राहावा! कर्जत मागे पडलं आणि गजा एकदम कुजबुजला, "शकू, तसबीर वाजत नाय!"

खरंच की! चौकट सैल असल्यामुळे दारावरून एसटी गेली तरी ती तसबीर टकटक वाजायची. आज एवढे हादरे बसूनही गप्प?

"आबा, तसबीर वाजत कशी नाय?" शकूने विचारलं.

"मागं पुठ्ठा घातला काल," आबा खुशीत म्हणाले. "फळीवर पडला होता. चांगला जाड!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आबा, ते माझं कार्ड हाय!" कमळ्या रडकुंडीला आला. "काढा ना!"

"पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी वंदनेची तसबीर उघडू? खिळे ठोकलेत मी. गप बसा!"

टेंपोभर हशा पिकला. हाताच्या अंतरावर कार्ड, आणि हात लावायची सोय नाही! मोठी माणसं एकदा हसली की पुढचं काही ऐकत नाहीत. कमळ्या सारखे डोळे पुसत होता, आणि शकूला नुसतं बघत बसावं लागलं.

विहारात मेणबत्त्या लागल्या होत्या. तसबीर भिंतीवर चढली की सगळं संपलंच! शकूची नजर भिरभिरली. घड्याळावर लिहिलेलं, 'सप्रेम भेट'. पंख्यावर तेच. पाण्याच्या पिंपावरही देणाऱ्याचं नाव!

"आबा, तुमचं नाव कुठाय?"

"कसलं?"

"पिंपावरसुद्धा नाव हाय. उद्या लोक विचारतील, तसबीर कुणी दिली?"

"म्हणतील, दिली असंल कुणीतरी!" गजाने री ओढली.

आबांनी मान खाजवली. "कागद चिकटवू वरून."

"वरचा उडून जाईल. काचेच्या आत पायजे!"

आबा गरजले, "पक्कड आणा रं कुणीतरी!"

खिळे निघाले, मागची फळी निघाली आणि टोपलीवाला बाहेर आला! कमळ्याने झडप घातली, आणि तो तिथेच थबकला. कार्डाची एक कड कातरलेली होती. सहीचं शेपूट गेलं होतं.

"बसत नव्हतं रं बाळा," आबांचा आवाज खाली आला. "मला काय ठावं?"

कापलेलं काही परत जोडता येत नव्हतं.

नावाचा कागद आत गेला. आबांनी तसबीर उचलली. टकटक! सगळ्यांची नजर कार्डाकडे वळली. कमळ्याने ते छातीशी घट्ट धरलं.

शकूने खिशातून आपलं चित्र काढून पुढे केलं. "हे घाला, आबा. कापू नका, बसतंय."

तसबीर गप्प झाली. विहारातल्या भंतेजींनी सगळी हकिगत विचारून घेतली आणि तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "आज वडीलधाऱ्यांना पोरांनी शिकवलं!"

"पोरं हुशारच," आबा म्हणाले. "मीच आंधळा!"

परतताना कमळ्या शकूशेजारी येऊन बसला. तो कार्डाच्या कातरलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"शकू, तुझ्या चित्रात सही पुरी होती ना गं?"

"हो. शेपटासकट."

कमळ्याने मागे वळून विहाराकडे पाहिलं.

"मग हाय," तो म्हणाला. "तिथं हाय."