आजीचं डावं बोट

मोबाइल खाली ठेवा आधी. त्या उजेडात तुमचीच तोंडं भुतासारखी दिसतायत, मग मी कशाला काही सांगू? आणि मध्ये कुणी फिदीफिदी हसलं, तर मी उठून झोपायला जाणार.

माझ्या दुकानाला लागून फोटो स्टुडिओ आहे, माहितीय ना? फोटो त्यांचे, फ्रेमा माझ्या. तीस वर्षं भिंतीला भिंत. स्टुडिओ खरा आजीचा. नवरा लवकर गेला, पदरात तीन मुलगे, तरी बाईनं कॅमेरा खाली ठेवला नाही. गावातल्या सगळ्यांचे फोटो तिनं काढले. पाळण्यातल्या पोरांचे काढले, आणि तीच पोरं म्हातारी झाल्यावर भिंतीवर लावायचेही तिनंच. माझ्या लग्नात मला ओरडली होती, "हस की मेल्या! दात उपटायला आणल्यासारखा काय उभा?" त्र्याण्णव वर्षं जगली. मला आईच्या जागी होती, उगाच कशाला लपवू.

तिचा नियम एकच. गिऱ्हाईक रडो, भांडो, फोटोतून माणूस पुसायचं नाही. भावाभावांत फाटायचं, लग्नं मोडायची, मग लोक यायचे, "हिला तेवढी काढून द्या." आजी म्हणायची, "नाही रे बाबा. फोटोतल्या माणसाला जायला दुसरी जागा नसते."

आणि एक खोड होती तिला. रस्ता ओलांडताना डावं बोट जरा बाजूला धरायची. कुणीतरी धरावं म्हणून धरतात तसं. एकटी असली तरी. आम्ही म्हणायचो, वय झालं.

तर गेल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला आजी गेली. अठरा तारखेला, मंगळवारी, रात्री दहाच्या सुमारास तिचा नातू स्टुडिओत आला. आता तोच चालवतो. काम साधं होतं. बुधवारी सकाळी आजीच्या आठवणी सांगायला सगळे जमणार, त्यासाठी तिचा मोठा फोटो छापायचा. पण दिव्याखाली अंधार! जगाचे फोटो काढणाऱ्या बाईचा स्वतःचा फोटो एकच. मोबाइल समोर धरला की तोंडावर हात घ्यायची. तो एक होता पासष्ट वर्षांपूर्वीचा. स्टुडिओच्या दारात पायरीवर आजी उभी, आणि तिचं डावं बोट धरून चार वर्षांची पोर. थोरली लेक. त्याच वर्षी तापानं गेली.

नातवाला चुलत्यानं बजावलं होतं, "पोरीला काढून टाक. लोक विचारत बसतील, उगाच रडारड."

नातवानं काढली. कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचं काम. पोर होती तिथं दार आणि पायरी ओढून आणली. फोटो छापला. छान आला. पण हातात घेतल्यावर त्याला चैन पडेना. काहीतरी चुकत होतं. ते बोट. तसंच बाजूला धरलेलं... आणि धरायला कुणी नाही.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मागं पावलं वाजली. अनवाणी. छोटी.

वळून बघितलं. कुणी नाही. शटर आतून बंद.

मांजर असेल, म्हणाला.

पावलं पडद्यामागं गेली. तिथून दाराकडं. परत पडद्याकडं. गर्दीत हरवलेलं पोर फिरतं ना... तशी.

मग थांबली. टेबलाशी.

आणि त्याचं डावं बोट... कुणीतरी धरलं.

...

नाही, दिसलं काही नाही. गार होतं. मूठ एवढीशी. हात झटकायला गेला, तर घट्ट झाली.

"कोण?"

...

"काका," तो मला नंतर म्हणाला, "भीती वाटलीच. पण त्याहून जास्त लाज वाटली. मीच तिला बाहेर काढली होती."

उजव्या हातानं त्यानं तो फोटो कचऱ्याच्या टोपलीत लोटला. मूळ फोटो उघडला, पोरीसकट. छापायला दिला. मशीन घरघरलं. कागद सावकाश बाहेर यायला लागला. आधी दार. आजीचं कपाळ. मूठ तशीच. आजीचा खांदा... कोपर... मग ते बोट. आणि बोटाला धरलेला इवला हात.

मूठ सुटली.

पावणेबाराला मला फोन. मी कुरकुरतच गेलो, "सकाळ होईस्तोवर पळून जातोय का फोटो?" पण पोराचा चेहरा बघितला आणि कामाला लागलो. फ्रेम केली, काच पुसली. सकाळी चुलता रागावेल असं आम्हाला वाटलं होतं. तो फोटोसमोर उभा राहिला आणि "ताई" म्हणून लहान पोरासारखा रडला. मलाही आवरेना.

एवढंच. जा, झोपा आता.

...बरं, एक राहिलं. त्या रात्री टोपली मी रिकामी केली. वर तो पहिला फोटो होता, उताणा. मी तो नातवाला दाखवला. त्यानं तो दिव्याखाली धरला. मग म्हणाला, "लेक दिसेना म्हटल्यावर ती एका जागी थांबेल का, काका?"

मी तो फेकला नाही. आणलाय. घ्या. कडेनं धरा, बोटं उमटतात. आता लावा मोबाइलचा उजेड.

स्टुडिओचं दार आहे ना? पायरी आहे. पायरीवर ऊन आहे.

आजी नाही.