उसना गडी

ज्या लढायांनी जगाचा इतिहास बदलला त्यांची यादी कुणी नव्याने केली, तर आमच्या गावच्या लढाईला पहिल्या पाचात जागा द्यावी लागेल. दोन शिपाई, समोर अख्खी फौज, आणि माघार हा शब्द माहीत नाही. या लढाईत मी स्वतः सुमारे अकरा हजार वेळा मेलो. रणभूमी म्हणजे जयरामची पडवी. वेळ दुपारी चार ते सहा. मध्ये चहासाठी युद्धबंदी असे, आणि जयरामच्या बायकोने, म्हणजे सावित्रीवहिनींनी, कांदाभजी काढली तर दोन्ही शिपाई शत्रूच्या तोंडी तसेच सोडून आम्ही स्वयंपाकघरात जात असू.

ही लढाई म्हणजे एक व्हिडिओ गेम. तो जयरामने चौऱ्याण्णव साली मुलीसाठी, शर्मिष्ठासाठी, आणला. एक करडा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवरचं नाव जपानी किंवा चिनी अक्षरांत होतं, त्यामुळे घरात तिला ‘मिल्ट्री’ म्हणत. लाल शिपाई आणि निळा शिपाई डावीकडून उजवीकडे धावतात, धावता धावता गोळ्या घालतात आणि बहुतेक वेळा मरतात. प्रत्येकाला सुरुवातीला पडद्याच्या कोपऱ्यात तीन गडी, म्हणजे तीन जीव. ते संपले की दुसऱ्याच्या कोपऱ्यातला एक गडी उसना घेता येतो. बटण दाबलं की झालं. पण जयरामचा कायदा होता की न विचारता घ्यायचा नाही. तो म्हणायचा, “एक गडी दी रे.” मी म्हणायचो, “घे.” मगच बटण. शर्मिष्ठाला खेळायला मिळालंच नाही. ती मोठी झाली, शिकली, आणि कुडाळला लोकांचे आखडलेले हातपाय सोडवण्याचा दवाखाना तिने काढला. बापावर सूड म्हणून नव्हे, असं तिचं म्हणणं आहे.

आठ स्टेजपैकी सहाव्या स्टेजचा तुटका पूल आम्ही कधीच ओलांडला नाही. मग डबा माळ्यावर गेला आणि आम्ही म्हातारे झालो. मी एका साप्ताहिकात सदतीस वर्षं विनोदी सदर लिहिलं आणि लोक हसायचे थांबल्यावर निवृत्त झालो. जयराम पोस्टातून सुटला आणि पूर्ण वेळ पखवाज वाजवू लागला. डबलबारी, म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना, असली की दोन तालुक्यांतून त्याला बोलावणं यायचं.

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीनंतर आठ दिवसांनी त्याला झटका आला. पाय सुधारला, तोंड सुधारलं, डावा हात मात्र शिंक्याला टांगल्यासारखा राहिला. अंगठा तर अजिबात नाही. पखवाजाची डावी बाजू, म्हणजे धुमा, जिथे कणीक लावतात, ती त्याच हाताची. जयरामने पखवाजावर चादर घालायला सांगितली. काही दिवसांनी चादरीसकट तो आतल्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितला. तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, हे अशे गप ऱ्हवले तर चैतापर्यंत काय टिकूचे नाय.” सावित्रीवहिनी उगाच बोलणाऱ्यांतल्या नाहीत.

शर्मिष्ठाने दाबायला एक मऊ चेंडू पाठवला. जयरामने तो उजव्या हाताने कोंबड्यांना मारला. मग मीच माळ्यावर चढलो.

डबा चालू झाला, हेच पहिलं आश्चर्य. नव्या टीव्हीच्या मागे पिवळी पिन लागली. मी एक नंबरचा रिमोट घेतला, म्हणजे लाल शिपाई. जयरामच्या मांडीवर दोन नंबरचा ठेवला आणि डावा अंगठा उचलून बाणांच्या बटणावर बसवला. त्या अंगठ्याने शिपाई चालतो, उजव्याने गोळी सुटते. त्यामुळे महिनाभर निळा शिपाई एका जागी उभा राहून समोरच्या झाडाला गोळ्या घालत होता.

“झाडान काय केल्यान रे तुका?” मी विचारायचो.

“तू फुडे जा मरे, पेपरवाल्या,” जयराम म्हणायचा. “मी हय राखण करतंय.”

कार्तिक संपता संपता निळा शिपाई एक पाऊल सरकला. जयरामने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही चहाचा कप उचलून त्यात पाहत राहिलो.

आता गावपळणीबद्दल सांगायला हवं. आचऱ्याची गावपळण सगळ्यांना ठाऊक असते. पेपरात फोटो येतात. आमच्या गावचीही असते, फोटो येत नाहीत. चार वर्षांनी एकदा, मार्गशीर्षात, देवाचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. मागे काही चालू ठेवायचं नाही. चूल विझवायची, दिवा मालवायचा, भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा सेल काढून ठेवायचा. गाव तीन दिवस ज्यांचा आहे त्यांना द्यायचा. ते कोण, हे विचारायची पद्धत नाही. यावर मी एकदा दिवाळी अंकात लेख लिहिला होता की रिकाम्या गावात चोरसुद्धा शिरत नाहीत, तेव्हा गृहखात्याने ही योजना राज्यभर राबवावी. मानकऱ्यांनी दोन वर्षं माझा प्रसादाचा नारळ बंद केला.

निघायच्या दिवशी दुपारी आम्ही सहाव्या स्टेजला होतो. पुलाच्या अलीकडे. माझ्या कोपऱ्यात दोन गडी शिल्लक, जयरामच्या कोपऱ्यात एकही नाही. होता तो शेवटचा. आणि त्याचा अंगठा पुढे, खाली, पुढे, असा खरोखर हलत होता. देवळातली नौबत वाजली. मी पॉज केलं.

“बंद करा तो डबो,” वहिनी कोंबड्यांची पाटी उचलत म्हणाल्या.

“बंद केलो तर पयल्यापासून सुरू करूचो लागतलो,” जयराम म्हणाला. “माका परत हयसर पोचूक जमाचा नाय. ऱ्हवांदे.”

“चालू ठेवतास? आज?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला माणूस मी. मी म्हटलं, “वहिनी, चालू खंय आसा? थांबवलेलो आसा. हलना नाय, बोलना नाय.” युक्तिवाद बिनतोड होता. पॉज केलेला गेम चालू की बंद, यावर मानकऱ्यांनी कधी विचार केलेला नाही. इन्व्हर्टर होता, विजेची काळजी नव्हती. वहिनींनी घड्याळाचा सेल काढून कमरेला खोचला आणि त्या उंबऱ्याबाहेर पडल्या.

वेशीबाहेर, पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे काजूच्या बागेत आमच्या झोपड्या. तीन दिवस मजा असते. माडाच्या झावळ्या, भजनं, वड्यांचे घाणे. शेजाऱ्यांची भांडणं अधिक जवळून ऐकता येतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी भजनाला दुसऱ्या वाडीतला अजय पखवाजाला बसला. बरा वाजवतो. जयरामने ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या झोपडीत पेपर वाचत बसलो होतो. चार वाजले असतील. जयराम भिंतीला टेकून डुलकी घेत होता, हात मांडीवर. त्याचा डावा अंगठा हलू लागला.

वहिनींनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. “देव पावलो,” त्या म्हणाल्या आणि शर्मिष्ठाला फोन लावायला बांधावर गेल्या, तिथे रेंज येते.

जयराम जागा झाला होता. तो अंगठ्याकडे बघत होता.

“बरो हलता रे,” मी म्हटलं.

“मी हलवक नाय,” जयराम हळूच म्हणाला.

मी पेपर खाली ठेवला. पुढे, पुढे. थांबा. खाली. पुढे. ही चाल मला पाठ होती. बुरुजावरून तीन गोळ्या येतात, त्या चुकवायला खाली बसावं लागतं, मग पुलाची पहिली फळी. पुढे. वर. दुसरी फळी. तिसऱ्या फळीवर आम्ही नेहमी मरायचो.

अंगठा थबकला. हात पालथा पडला, मेल्यासारखा. मी मनात सातपर्यंत मोजलं. अंगठा पुन्हा उठला.

पुढे. पुढे. मग वर आणि मागे, मागे, पुन्हा पुढे. ही चाल मला माहीत नव्हती. तिसऱ्या फळीच्या पलीकडचं मला काहीच माहीत नव्हतं.

सहा वाजता अंगठा थांबला. तिसऱ्या दिवशीही चार ते सहा. शर्मिष्ठा फोनवर म्हणाली की मेंदू सरावाची आठवण ठेवतो, काका, याला शास्त्रात नाव आहे. तिने नाव सांगितलं. मला फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला आणि गाव परतला. वहिनींनी दार उघडलं. घड्याळ निघतानाच्या वेळेवर थांबलेलं. चुलीतली राख थंड. टीव्ही चालू, पडद्यावर पॉज.

पण पूल नव्हता. बर्फाचा डोंगर होता आणि वर सातचा आकडा. निळा शिपाई उभा, लाल शिपाई त्याच्या शेजारी. लालच्या कोपऱ्यातले दोन्ही गडी संपलेले.

माझा रिमोट मी चटईवर टाकून गेलो होतो. तो आता टीव्हीसमोरच्या पाटावर होता, वायर नीट गुंडाळून. मी आयुष्यात कधी वायर गुंडाळलेली नाही.

“सात,” जयराम म्हणाला. त्याने डाव्या हाताने रिमोट उचलला. डाव्या हाताने. “बस.”

“जयराम, बंद करूया.”

“आणि हात?” तो म्हणाला.

मी बसलो. वहिनींनी चहा आणून ठेवला. मी डाव्या हातात बशी घेतली, उजव्याने माझा रिमोट उचलायला वाकलो, तेवढ्यात जयरामने पॉज सोडलं.

लाल शिपाई धावू लागला.

माझा हात अजून रिमोटला लागला नव्हता. लाल पुढे गेला, बर्फाच्या कड्याआड दबला, निळ्यासाठी थांबला. उत्तम खेळत होता. माझ्यापेक्षा बराच चांगला. निळ्याला पुढे काढून देत होता, त्याच्या वाटच्या गोळ्या आपल्या बाजूला ओढत होता. जयराम हसत होता. झटक्यानंतर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. अंगठा पंचविशीतल्यासारखा फिरत होता.

मग वरून एक बर्फाचा गोळा आला. निळा पडला.

जयरामचा हात मांडीवर पालथा झाला. रिमोट घरंगळून चटईवर गेला. त्याचं तोंड डावीकडे किंचित वाकडं झालं, चतुर्थीनंतर झालं होतं तसं.

दोन्ही कोपरे रिकामे होते. खेळ संपायला हवा होता. संपला नाही. लाल शिपाई थांबला. वाट बघत उभा राहिला.

“एक गडी दी रे,” जयराम पुटपुटला. पडद्याकडे बघत. माझ्याकडे नाही.

तीस वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं.

“घे.”

लालच्या कोपऱ्यात एक गडी उगवला. टिकला एक क्षण. मग तिथून नाहीसा झाला, आणि वरून निळा शिपाई लुकलुकत खाली उतरला.

जयरामने डाव्या हाताने रिमोट उचलला.

माझ्या डाव्या हातातली बशी पडली.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. मालवणच्या डॉक्टरांनी माझ्या मानेचा फोटो काढून दोन मणक्यांमध्ये एक फट दाखवली. माझ्या वयात ती सगळ्यांनाच असते म्हणाले. शर्मिष्ठाने तोच मऊ चेंडू मला दिला आहे. जयराम परवा इन्सुलीला डबलबारीत पखवाज वाजवून आला. लोक उठून उभे राहिले म्हणे. धुमाचा घुमार असा की समोरच्या बुवाने अभंग अर्ध्यावर थांबवला. वहिनींनी चैत्राचं नाव पुन्हा काढलेलं नाही.

टीव्ही चालू आहे. सातवी स्टेज, पॉज. घरात नवा इन्व्हर्टर आला आहे, त्याच्या मागे आणखी एक. चार वाजता मी अजूनही जातो. खेळत नाही, नुसतं बसतो. वहिनी तीन कप आणतात: एक जयरामला, एक मला, एक पाटावर गुंडाळलेल्या वायरीजवळ. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सहा वाजता त्या तिन्ही कप उचलतात, आणि तिन्ही रिकामे असतात.

आठवी स्टेज बाकी आहे. जयराम म्हणतो, “घाई नाय.” लालच्या कोपऱ्यात हल्ली दोन गडी दिसतात. ते कुठून आले, हे मी विचारलेलं नाही. उजवा हात अजून ठीक आहे.

तर, वाचकांपैकी कुणी शिमग्याला गावी येणार असेल, तर एक लहानशी विनंती. येताना माझ्यासाठी बिनबटणांचा सदरा आणावा. माप बेचाळीस. रंग कोणताही चालेल, लाल सोडून.