मापाचं ब्लाउज

"टेप लागतो तो शिंप्याला. मला नजर पुरते," असं अनुया लेले दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवरीला सांगायची, आणि सहा वर्षांत तिचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. निदान चुकला असं तिला तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

तिचं 'अनुरूप ब्रायडल' पनवेलच्या लाईन आळीत, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर होतं. खाली दिवसभर आहेराच्या पातेल्यांवर नावं कोरायच्या मशीनची किरकिर चालायची आणि वर एसी, गुलाबी सोफा, तीन बाजूंनी आरसे. भिंतीवर एक तक्ता होता. त्यात बायकांच्या अंगाचे पाच प्रकार काढलेले: सफरचंद, नासपती, आयत, उलटा त्रिकोण आणि वाळूचं घड्याळ. कुठल्या अंगाला कुठला घेर, कुठला गळा, हे अनुया तीन महिन्यांच्या ऑनलाईन कोर्समध्ये शिकली होती. ती स्वतः कुठल्याच चित्रात बसत नव्हती. छाती बत्तीस, कंबर सत्तावीस, आणि लहानपणापासून जड बॅगा वाहून डावा खांदा अर्ध्या इंचाने खाली.

गव्हाणची रंजिता फेब्रुवारीत आली तेव्हा लग्नाला तीन आठवडे होते. आई पत्रिका वाटत फिरत होती, म्हणून सोबत गोदू आत्या आली होती. लग्नाला शालू होताच, पण लग्न लागल्यावर स्टेजवर लेहंगा हवा होता. रंजिता कॉलेजातर्फे कबड्डी खेळलेली. दणकट मांड्या, रुंद खांदे, आणि गुलाबी सोफ्यावर बसली तर सोफ्याने हळूच हुंकार द्यावा असं वजन. उलव्याच्या भावेशने तिला पहिल्यांदा पाहिलं ते मैदानातच. सरावाच्या खेळात त्याच्या चुलतभावाला तिने बखोटीला धरून रेषेबाहेर ठेवलं होतं आणि भावेशने त्याच संध्याकाळी घरी विषय काढला होता.

अनुयाने तिला आरशासमोर उभं केलं, डोळे बारीक केले आणि सांगितलं: नासपती, पण खांदे उलट्या त्रिकोणाचे. छाती चाळीस, कंबर छत्तीस, खाली चव्वेचाळीस.

"पोरगी हाय आमची," गोदू आत्या म्हणाली. "टोपलीतली फळा नाय."

रंजिता हसली, पण लगेच गंभीर झाली. तिला एकच सांगायचं होतं आणि ते ती घरून ठरवून आली होती. आतापर्यंत दोन दुकानांत तिला लपवायचे कपडे दाखवले होते. काळा घ्या, बारीक दिसाल. उभ्या रेषा घ्या, बारीक दिसाल.

"ताई, मला बारीक नाय दिसायचं," ती म्हणाली. "मला माझ्यासारखं दिसायचंय. त्या दिवशी तरी."

अनुयाने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. तुझं अंग आहे तसंच ठेवीन, फक्त कापडाने त्याला सलाम करायचा. हे वाक्य ती सगळ्यांनाच ऐकवायची, पण या वेळी म्हणताना तिला ते खरं वाटलं. मग तिने व्हॉट्सॲपसाठी रंजिताचा उभा फोटो काढला.

आत्याने पिशवीतून रंजिताचं एक जुनं ब्लाउज काढलं. मापाचं ब्लाउज. पनवेल-उरणमध्ये कुठलीही बाई शिवायला टाकताना अंगाला नीट बसणारं एक ब्लाउज सोबत देते, शिंपी त्यावरून कापतो, आणि जग चालतं. अनुयाने ते दोन बोटांनी धरून परत पिशवीत घातलं. आमच्याकडे हे घेत नाहीत, म्हणाली.

आत्याने पिशवीची गाठ मारली. गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

शिवायला कुंदन मास्तर होते. मागच्या खोलीत बावीस वर्षांचा अनुभव आणि एक जुनं शिलाई मशीन घेऊन बसायचे. अनुयाने चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. मास्तरांनी चिठ्ठी मशीनच्या खणात टाकली, तशी ते सगळ्याच चिठ्ठ्या टाकायचे. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. आजवर अनुयाचा अंदाज बरोबर यायचा तो मास्तर गपचूप नवरीकडून मापाचं ब्लाउज मागून घ्यायचे म्हणून, आणि हे अनुयाला माहीत नव्हतं. या वेळी आत्या रागाने निघून गेल्या होत्या. लेहंग्याचा घेर मास्तरांनी नाइलाजाने चिठ्ठीवरून कापला. पण चोळी चिठ्ठीवरून कापायची म्हणजे पाप. त्यांनी टेबलावर पाहिलं तर तिथे एक राणी रंगाचं ब्लाउज घडी करून ठेवलेलं. त्यांना हायसं वाटलं. म्हणजे ठेवून गेल्या.

ते अनुयाचं होतं. हुक बदलायला तिने आणून ठेवलं होतं.

चोळी शिवून हँगरला लागली तेव्हा ती बाहुलीची दिसत होती. अनुयाने ती उचलली, उलटी केली आणि डाव्या खांद्यात अर्ध्या इंचाची गादी पाहिली. ही गादी ती फक्त स्वतःच्या ब्लाउजला लावून घ्यायची. मास्तर शांतपणे म्हणाले, मॅडम, माप तर टेबलावरच ठेवलं होतं. जरीचं कापड वाराणसीहून मागवलेलं, तेवढंच होतं. शिवणीत दाबाचं कापड भरपूर सोडलंय, उसवून वाढवता येईल, असं ते सांगत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि रंजिता आत्याला घेऊन आत आली.

अनुयाने कारणं काढायला सुरुवात केली. अस्तर बाकी आहे, लेस बाकी आहे. रंजिताने हँगरवरची चोळी पाहिली, किती सुंदर झालीय म्हणाली आणि पडद्यामागे गेली. अनुया सोफ्याच्या कडेवर बसली आणि कापड फाटल्याच्या आवाजाची वाट बघू लागली.

पडदा सरला. चोळी बसली होती.

नुसती बसली नव्हती. हुक न ओढता लागले होते, गळा सपाट, बाहीला एक सुरकुती नाही. आत्या उभी राहिली आणि परत बसली. अनुयाने सहा वर्षांत पहिल्यांदा ग्राहकासमोर टेप काढला. छाती बत्तीस. कंबर सत्तावीस.

भूतबाधा वगैरे अनुयाला मान्य नव्हतं. पण स्वतःची नजर आठ इंचांनी चुकली हे त्याहून अमान्य होतं. तिने फोनमधला फोटो उघडला. फोटोत रंजिता आरशासमोर उभी होती आणि तिन्ही आरसे भरून गेले होते. समोरची रंजिता त्यातल्या एका आरशात मावून बाजूला पातळसा रिकामा पट्टा उरत होता.

"डायट केलंस का ग?" अनुयाने विचारलं.

"दोन भाकऱ्या हाणल्यान सकाळी," आत्याने परस्पर सांगितलं. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

रंजिता आरशाकडे बघत होती. डावा खांदा ती उचलत होती आणि तो परत खाली येत होता.

गावात मात्र आनंदीआनंद झाला. ज्या बायकांनी रंजिताला आयुष्यभर जाडी म्हटलं होतं त्या एका आठवड्यात तिची रेसिपी विचारायला आल्या. कुणी जिऱ्याचं पाणी सांगितलं, कुणी खात्रीने सांगितलं की लग्नाची काळजी. एकीने तिच्या नव्या कंबरेभोवती हात घालून सेल्फी काढला. फक्त भावेशला काही उलगडेना. तो भेटायला आला, ओट्यावर बसला, तिच्या हाताला हात लावून बघितला आणि बरं वाटत नाही का, एवढंच चार वेळा विचारून उलव्याला परत गेला.

दुसऱ्या ट्रायलला लेहंगा घालायचा होता. चिठ्ठीवरून कापलेला, कंबर छत्तीस. रंजिताने तो चढवला, नाडी बांधली, एक पाऊल टाकलं आणि लेहंगा खाली पडला. ती त्याच्या मधोमध उभी राहिली, विहिरीत उभी असल्यासारखी.

त्याच दिवशी दुपारी उरण नाक्यावर रिक्षात चढताना अनुयाचा कुर्ता काखेपासून कमरेपर्यंत उसवला. रिक्षावाल्याने सभ्यपणे आरसा वळवून घेतला. अनुयाने वॉशिंग मशीनला दोष दिला, मग वडापावला, मग कुर्त्याला. घरी जाऊन तिने कपाटातले सगळे कुर्ते घातले. तेरा होते. एकही खांद्याच्या पुढे गेला नाही.

काट्यावर मात्र ती तेवढीच होती. बावन्न. तिने रंजिताला फोन करून वजन करायला लावलं. एकाहत्तर, रंजिता म्हणाली. पहिल्यापासून तेवढंच हाय.



"ताई, मी काल उंबरठा ओलांडताना पडले," रंजिता म्हणाली. "माझा तोलच राहत नाय. पाय माझे नसल्यासारखे पडतात. आतेभाऊ हसले. मी कधी पडले नव्हते हो." आणि मग, अगदी हळू: "तुम्ही म्हटलं होतं, आहे तसंच ठेवीन."

अनुयाने चोळी दुकानातच ठेवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना बाजूला बसवलं आणि स्वतः उसवायला घेतली. खांद्यातली गादी काढून टाकली. शिवणींत दडवलेलं सगळं कापड बाहेर काढलं, बगलेत आणि पाठीत पट्ट्या जोडल्या आणि चिठ्ठीवरच्या आकड्यांवर, चाळीसवर, शिवून काढली. चूक मापात होती. माप दुरुस्त केलं की चूक जाते. टाके सरळ आले.

रंजिता आली आणि चोळी घातली. चोळी तिच्यावर खुर्चीवर टाकलेल्या टॉवेलसारखी लोंबत राहिली.

पुढच्या वेळी येईल, अनुया म्हणाली. काय येईल ते तिलाही माहीत नव्हतं.

रंजिता गेल्यावर अनुयाने पडदा ओढला. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. रिक्षाच्या दिवसापासून ओढणीखाली दडवलेला फाटका कुर्ता उतरवून तिने चोळी अंगात घातली. हुक न ओढता लागले. गळा सपाट. बाहीला एक सुरकुती नाही.

खाली पातेल्यांवर नावं कोरायची मशीन किरकिरत होती.

तिने हात वर केला. दंड दणकट होता. तिने पाय रोवले आणि पाय रोवले गेले. सहा वर्षं ती या फरशीवर उभी राहत होती, पण फरशी आपली आहे असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तिला ते आवडलं, आणि आवडल्याचीच भीती वाटली. तिने चोळी घाईने काढली. डावा खांदा उजव्याच्या रेषेत आला होता.

लग्नाच्या दिवशी अनुया स्वतः गव्हाणला गेली. नवरीला सजवायला, म्हणाली. मांडवात बेंजो वाजत होता, दुपारची तीनची वेळ, कोळंबीचा वास. लग्न लागून गेलं होतं. बंगल्याच्या वरच्या खोलीत तिने रंजिताचा शालू उतरवला आणि लेहंगा-चोळीला मागून पिना लावायला घेतल्या. साठ लागल्या. समोरून रंजिता मासिकातल्या चित्रासारखी दिसत होती.

खाली वाकताना अनुयाचा उसना घेतलेला कुर्ताही गेला. आत्याने कपाटातून रंजिताचा एक पंजाबी ड्रेस काढून दिला. तो अनुयाला बसला. आत्याने दोघींकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे, आणि भिंतीला टेकली.

"मॅडम," ती म्हणाली. "कवा परत देनार?"

अनुया उरलेल्या पिना डबीत भरू लागली.

दारातून भावेशची बहीण हेतल डोकावली. पाठमोऱ्या अनुयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, वहिनी, चला, सगळे थांबलेत. अनुया वळली. हेतलने सॉरी म्हटलं नाही. हात तसाच ठेवून ती क्षणभर बघत राहिली, आणि मग रंजिताला म्हणाली, तुम्ही मेकअपवाल्या ना, पाच मिनिटं बाहेर थांबाल?

रंजिता हसली नाही. मी आहे ग, ती म्हणाली. मी रंजिता.

हेतल गोंधळून हसली आणि खाली पळाली.

"एक फोटो काढा, ताई," रंजिता म्हणाली. "स्टेजवर जायच्या आधी. माझा एकटीचा."

चेहरा ओळखून उघडणारा स्वतःचा फोन तिने उचलून तोंडासमोर धरला. फोन उघडला नाही. तिने केस मागे सारले, नथ काढली, पुन्हा धरला. नाही. खिडकीशी उजेडात जाऊन तिसऱ्यांदा धरला. मग तिने तो अनुयाच्या हातात दिला.

अनुयाने फोनकडे नुसतं पाहिलं आणि तो आपोआप उघडला.