घासलेला नंबर

ही गोष्ट गेल्या खंडेनवमीच्या रात्रीची. घडली ती राजारामपुरीतल्या आपल्या अभिरामच्या बाबतीत. हसायचं असलं तर पोरांनो आत्ताच हसून घ्या. नंतर यायचं नाही.

जुने ट्रॅक्टर ओळखणं हा त्याचा धंदा. गाडी कुठल्या सालची, कुठल्या देशातली, कुठला भाग मूळचा आणि कुठला मागनं चिकटवलेला, हे तो हात लावून सांगतो. माणूस हुशार, पण जिभेला हाड नाही. खेड्यातली माणसं त्याच्या लेखी निव्वळ धोंडे. "यांच्या परड्यात एक गंजकं चाक असू दे, लगेच यांचा आजा विलायतेला जाऊन आलेला असतो," असं तो चारचौघांत म्हणायचा.

तर शिरोळच्या पलीकडं, नदीकाठच्या एका गावातनं सयाजी नावाच्या शेतकऱ्याचं बोलावणं आलं. आजोबांचा ट्रॅक्टर दसऱ्याला चौकात मांडायचा, वर पाटी लावायची: 'हंबीररावांनी सत्तेचाळीस साली नवाकोरा आणलेला, गावातला पहिला ट्रॅक्टर.' त्याआधी जाणकाराचा शब्द हवा होता.

अभिराम दिवेलागणीला पोचला. शेडमध्ये ट्रॅक्टर धुऊन, झेंडूचा हार घालून उभा होता. इंजिन कैक वर्षं जाम. अभिरामनं मागच्या ओतीव लोखंडावर बोट फिरवलं. ओतकामाची तारीख तिथं उठवलेली असते. ती वाचून तो फसकन हसला.

"सत्तेचाळीस? अहो, हे लोखंड ओतलंय एकावन्न साली. तुमच्या आजोबांनी काय वितळायच्या आधीच घेतलं?"

"घरात तर तसंच सांगत्यात की."

"घरात सांगतात!" त्यानं इंजिनाच्या बाजूला टॉर्च मारला. "आणि हा नंबर बघा. कानशीनं घासलाय. नव्या गाडीचा नंबर कोण घासतं, सयाजीराव? चोर घासतो."

दारात सयाजीची म्हातारी आई चिमणाबाई उभी होती. म्हणाली, "पावणं, साल तुम्ही म्हणाल त्ये लावू. नंबराचं तेवढं ऱ्हाऊ द्या."

"का? सासऱ्याची अब्रू जाते?"

सयाजीची मान खाली गेली. पण तोच म्हणाला, "काढा. खरं काय त्ये एकदा कळूंदे."

मायलेक आरतीला घरात गेले. अभिराम बाजूनं ट्रॅक्टरखाली अर्धा सरकून आडवा झाला. घासलेल्या जागेवर ॲसिडचा बोळा फिरवत राहिलं, की ठोकलेल्या आकड्यांची खूण हळूहळू वर येते.

पहिला आकडा आला. "तीन," तो पुटपुटला. मग सात.

वर सीटची स्प्रिंग करकरली.

"सयाजीराव, उतरा खाली. मिरवायचं ते उद्या मिरवा."



त्यानं परत बोळा फिरवला. एक काळपट रेघ... वळत होती...

"एंटु."

आवाज वरनं आला. सावकाश. घशात माती असल्यासारखा.

एंटु. कानडीत आठ. कोल्हापूरच्या माणसाला एवढं कळतं.

बोळ्याखाली आठ उमटला.

अभिरामचा हात थांबला. घरात आरती चालली होती. टाळ्या वाजत होत्या. आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज... सयाजीचा होता.

"कोण आहे?"

...

"ऐदु."

लोखंड अजून कोरं होतं. मग तिथं... हळूहळू... पाच.

तो सरपटत बाहेर आला. पाठ सोलली. टॉर्च वर केला. सीट रिकामी. स्प्रिंग मात्र खाली... वर... खाली... वर...

तो धावत घराच्या पायरीपाशी आला, तेव्हा चिमणाबाई तबक घेऊन बाहेर येत होती. त्याचं तोंड बघितलं आणि तिनं तबक खाली ठेवलं.

"बोलला?"

अभिरामनं नुसती मान हलवली.

"चिकोडीकडचा गडी. भाड्यानं नांगरायला गाडी घिऊन आलता. मी तवा नवी नवरी. मामंजी म्हणालं, गाडी मला इकली आन् गेला गावाकडं." ती थांबली. "कापडं हितंच. जेवणाचा डबा हितंच. इकत घेतलेल्या गाडीचा नंबर कोण घासतंय, पावणं? तुम्हीच म्हणालासा न्हवं."

मागं सयाजी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

अभिराम त्या रात्री कोल्हापूर कसं गाठलं ते सांगत नाही. पण सकाळपर्यंत जीभ परत ताळ्यावर आली, म्हणजे त्याच्या नेहमीच्या ताळ्यावर. सगळा गावठी डाव आहे, कुणीतरी वर लपलं होतं, असं तो बायकोला सांगत होता, तोवर सयाजीचा फोन आला. "पाटी लावत न्हाय मी. पर तुम्ही या. एकदा बघून जावा."

डाव उघडा पाडायच्या ईर्षेनं तो गेला. सयाजी त्याला शेडच्या मागं घेऊन गेला. सोयाबीन काढलेलं, कडक वाळलेलं रान. शेडच्या भिंतीला चिकटून एक नांगराचं तास, ताजा चर, सुरू झालेलं. दोरी धरल्यासारखं सरळ. रानाच्या मध्यापर्यंत गेलेलं, आणि तिथं, कुणी जागा दाखवावी तसं, एकदम थांबलेलं.

"कुणाचा ट्रॅक्टर घातलात रात्री?" अभिराम म्हणाला.

सयाजीनं तासाच्या एका अंगाला बोट दाखवलं. मग दुसऱ्या.

चाकाची खूण कुठंच नव्हती.