सातवा दात

"शिल्पा, सातवा दात गेला!"

फोनवर मडिवाळप्पा सरांचा आवाज ओळखू येत नव्हता. भूगोल शिकवताना ज्यांचा स्वर कधी चढला नाही, ते सर आज लहान पोरासारखे रडत होते. फौजदार शिल्पा त्यांचीच विद्यार्थिनी. दहा मिनिटांत ती अहमदपुरातल्या त्यांच्या घरी हजर झाली.

दात म्हणजे मांसाहारी डायनोसॉरचा, दगड झालेला, करवतीसारख्या बारीक कडांचा. मुखेडजवळच्या एका टेकडीवर वीस वर्षं उन्हातान्हात फिरून असे सात जमवल्याचं सर सांगत. त्यातल्या एकमेव अखंड दाताचा फोटो पाहून जीवाश्मांच्या तज्ज्ञ आज आठला येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर टेकडी वाचणार. नाहीतर सोमवारपासून तिथं खडी क्रशर सुरू.

पेटीत कापसावर सहा मोडके दात होते. सातव्या, अखंड दाताची जागा रिकामी. कुलूप शाबूत.

"कधी कळलं, सर?"

"सातला. पहाटे आंघोळ, पूजा झाली. मग पेटी उघडली."

"आत हात घातला?"

"न्हाई. रात्रीपासून एकाबी दाताला शिवलो न्हाई."

"किल्ली?"

"खुंटीला. घरात सगळ्यांना ठाऊक हाय."

"संशय कुणावर?"

सरांनी मान फिरवली. "कुणाचं नाव घ्यायला लावू नको."

नाव समोरच उभं होतं. पुतण्या वीरभद्र रात्री मुक्कामाला आला होता, आणि तो त्याच क्रशरवर मुकादम होता.

"मॅडम, पोटासाठी नोकरी करून राहिलो. म्हणून काकाचं घर बुडवीन का?" त्यानं आपली पिशवी पुढं केली. पिशवीत दोन कपडे आणि डबा निघाला. तरी शिल्पानं त्याला जीपमध्ये बसवलं. दुसरं कोण असणार?

मागच्या अंगणात सरांची बायको कमलम्मा डोळे पुसत बसली होती. दोरीवर दोन ओली धोतरं वाळत होती.

"काकू, सर रोज दोनदा न्हातात?"

"न्हाई गं. दाताला हात लागला की मातर न्हातात. हाड हाय न्हवं ते? न्हाल्याबिगर गळ्यातल्या लिंगाला हात लावत न्हाईत."

"आज?"

"पहाटे एकदा, साडेसहाला पुन्हा."

शिल्पा तशीच उठली. तिनं वीरभद्रला जीपमधून उतरवलं, आत जाऊन दार लोटलं.

"सर, पूजेनंतर तुम्ही पुन्हा न्हालात. म्हणजे मधल्या वेळात दाताला हात लागला होता. पण रात्रीपासून शिवलो नाही, असं तुम्हीच म्हणालात. लबाडी जमली तुम्हाला, आंघोळ चुकवणं जमलं नाही. दात तुम्हीच काढला. का?"

सरांनी नकाशाच्या गुंडाळीतून दात बाहेर काढला.

"ह्यो टेकडीचा न्हाई. परराज्यातून इकत आणला. सहा मोडक्या दातांवर चार वर्षं पत्रं लिहिली, कुणी फिरकलं न्हाई. ह्याचा फोटो धाडला अन् आठ दिवसांत फोन! पण रातभर झोप न्हाई. हातात घेतला की तज्ज्ञांना कळणार. मग खऱ्या सहांवर कोण इश्वास ठेवील? म्हणून चोरीला गेला म्हटलं."

"आणि वीरभद्र तुरुंगात गेला असता तर?"



बाहेर गाडी थांबली. सर उठले. सातवा दात त्यांनी सहांत मिसळला, पेटी घेऊन ओसरीवर गेले आणि तज्ज्ञ तनुजा मॅडमसमोर उघडली.

"मॅडम, यातला एक मी बाहेरून आणलाय. गुन्हा माझा. कोणता ते सांगणार न्हाई. तुम्हीच ओळखा. बाकीचे एका जागचे हायत का, तेबी तुम्हीच बघा."

तनुजा मॅडमचा चेहरा कठोर झाला. त्या परत फिरतील असंच शिल्पाला वाटलं. पण त्यांनी भिंग काढलं. एकेक दात किती वेळ पाहिला! शेवटी, ज्याच्यासाठी त्या एवढ्या लांब आल्या होत्या, तोच अखंड दात त्यांनी बाजूला सारला.

"याच्या खाचांत गुलाबी वाळू आहे. या सहांत एकच हिरवट माती."

"आमच्या टेकडीचीच ती," सर म्हणाले.

"तुमच्याविरुद्ध मी लिहिणार आहे," मॅडम म्हणाल्या. "पण आधी या सहांची टेकडी दाखवा."