व्हय म्हाराजा

देवराईच्या कडेला उभारलेल्या प्रयोगशाळेत डॉ. वत्सला परुळेकर आपल्या वारलेल्या वडिलांचा आवाज ऐकत होत्या.

"घाबरू नका, बाई. हे भूत नाही," फैयाज मुकादम म्हणाला. एके काळचा त्यांचा विद्यार्थी साहित्य सोडून बुरशीच्या नादी लागला, तो थेट कवकशास्त्रज्ञच झाला. "जमिनीखाली बुरशीच्या धाग्यांचं जाळं आहे, झाडाझाडांना जोडणारं. तेच ते कंप वर्षानुवर्षं बसले की त्यात वाट पडते, गवतात पायवाट पडते तशी. मग अर्धं ऐकवलं की उरलेलं ते विजेच्या स्पंदांनी पुरं करतं. आपला स्पंदवाचक त्याचा आवाज करतो."

"म्हणजे गाऱ्हाणं घातलं की गाव जे म्हणायचं..."

"तेच जाळं म्हणतं."

बाईंचे वडील या रानातल्या देवाला गाऱ्हाणं घालत आणि ओळीओळीला त्यांच्यासकट सगळा गाव हुंकार भरी. वडिलांनंतर बाईंनी उभा जन्म त्या गाऱ्हाण्यांवर घालवला. शब्दांनी श्रद्धा राखली आणि श्रद्धेनं रान, हा त्यांचा सिद्धांत. 'श्रद्धा म्हणजे पिढ्यांची मुरलेली सवय' या त्यांच्या वाक्यावर भाविक भडकले होते आणि शास्त्रज्ञ हसले होते. आता गाव उठून ओस पडला होता, रानातून रस्ता जाणार होता आणि आजची सुनावणी शेवटची होती. रान ऐकतं, आठवण ठेवतं, हे दाखवलं तर कुऱ्हाड थांबेल, एवढीच आशा उरली होती.

सुनावणी घ्यायला भूसंपादन अधिकारी तळवडेकर आले ते चपला दाराबाहेर काढूनच. बाईंनी आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, ह्या रानाची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यंत्रातून अख्खा गाव बोलला. वडिलांचा घोगरा आवाज त्यात स्पष्ट होता.

तळवडेकरांच्या अंगावर काटा आला. "देव जागो आसा, बाई!" ते म्हणाले. बाईंना वाटलं, जिंकलो.

पण तळवडेकरही त्याच मुलखातले. देवाला विचारल्याशिवाय देवराईतली काडी मोडायची नाही, हे त्यांना घरून ठाऊक होतं. त्यांनी भक्तिभावानं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही झाडां तोडून हयसून रस्तो जांव दे रे म्हाराजा!"

फैयाज यंत्राकडे झेपावला, पण उशीर झाला होता.

"व्हय म्हाराजा!"

"ही संमती नाही!" बाई ओरडल्या. "ती नुसती सवय आहे!"

"सवय म्हणजेच श्रद्धा, हे तुमच्याच पुस्तकात वाचलंय," तळवडेकर हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आणि नुसती सवयच असेल, तर मग वाचवायचं कोणाला?"

बाई दार ढकलून रानात धावल्या. थोरल्या सातविणीच्या बुंध्याला कपाळ टेकून, वडिलांच्याच चालीत त्यांनी टाहो फोडला, "बा देवा म्हाराजा, आता तरी नाय म्हण रे म्हाराजा!"

मागे, उघड्या दारातून गावाचा आवाज आला. त्यात सगळ्यांत वर एका लहान मुलीचा आवाज होता आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

"व्हय म्हाराजा!"