दोरीपुरती फट

पुलावर एक लोखंडी पट्टी बसवायची, एवढंच काम होतं. लॉर्ना ट्रँटरने ते दुपारी उरकायचं ठरवलं, कारण सकाळ संडासात गेली होती. म्हणजे दुसऱ्यांच्या. आमच्या कालव्यावर, पुलाच्या अलीकडे, बोटवाल्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा नळ आहे आणि बोटीतल्या संडासाच्या टाक्या रिकाम्या करायची खोली. दोन्हींची देखभाल लॉर्नाकडे. "राणीच्या महालातही एवढे पाहुणे येत नसतील," असं ती ब्रश मारता मारता म्हणायची. ऐकायला कुणी नसलं तरी म्हणायची.

आमचा पूल म्हणजे नावालाच पूल. दोन काठांवरून दोन अर्धे पूल एकमेकांकडे हात लांब करतात आणि मधोमध, बोटभर अंतरावर, लाजल्यासारखे थांबतात. कठडेही तसेच. पूर्वी काठावरून चालत घोडे दोरीने बोटी ओढायचे ना, तेव्हाची ही युक्ती. घोडा पुलाला वळसा घालून पुढे जायचा, दोरी कठड्यावरून घसरत येऊन त्या फटीत पडायची आणि खालून निसटायची. घोडा सोडा, पुन्हा जुंपा, ही भानगड नाही. बोट थांबतच नसे. आता घोडे गेले, फट राहिली, आणि गेल्या आठवड्यात तिच्यात एका बाबागाडीचं चाक अडकलं. गावातून तक्रार आली, वरून हुकूम आला. फट बंद करा.

"मग दोरी कुठून जायची?" विल्फने विचारलं.

विल्फ म्हणजे लॉर्नाचा बाप. ऐंशीचा, बोटीवर जन्मलेला. उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, तेव्हापासून लॉर्ना त्याला नजरेआड करत नसे. ती, तो आणि राहायची बोट, एवढाच तिचा संसार.

"कुठली दोरी, डॅड? शेवटचा घोडा गेला तेव्हा मी दुपट्यात होते."

"तू दुपट्यात होतीस म्हणजे बराच काळ झाला खरा."

"झालं का सुरू? मफलर बांध. आणि त्या नळाजवळच बस."

नळाजवळच्या त्या धक्क्यावर विल्फला बसायला आवडायचं. सात वर्षांचा असताना आईने त्याला तिथंच उतरवलं होतं. पोराने मावशीकडे राहावं, चार अक्षरं शिकावीत म्हणून. "परत येताना नेते," म्हणाली आणि बोट पुलाखालून वर गेली, कोळशाच्या धक्क्यांकडे. त्या हिवाळ्यात तिकडे तापाची साथ आली. आई काही परत आली नाही. विल्फ हे सगळं हवापाण्याच्या गप्पांसारखं सांगायचा, पण बसायचा तिथंच.

चार वाजायच्या सुमाराला पट्टी बसली. नोव्हेंबरातला उजेड तो, परक्यासारखा आला तसा निघाला. पाण्यावरून धुकं चढायला लागलं. लॉर्नाने शेवटचा बोल्ट पिळला, पट्टीवर दोन उड्या मारून पाहिल्या आणि स्वतःवर फार खूश झाली.

तेव्हा तिला वास आला. कोळशाचा धूर, घामेजलेलं जनावर, आणि त्यातूनच तव्यावरचं बेकन. तिला वाटलं, कुणीतरी पाहुणी बोट आली. आता टाकी घेऊन येतील.

पण इंजिनाचा आवाज नव्हता. आवाज होता तो टापांचा. ओल्या मातीवर जड, सावकाश टापा. त्या पुलाजवळ आल्या, वळसा घालून मागून गेल्या, आणि पुढच्या काठाने चालू लागल्या. लॉर्नाने मान वळवून वळवून पाहिलं. काठावर कुणीही नव्हतं.

मग कठडा कुरकुरला.

काहीतरी त्याच्यावरून घासत, घसरत तिच्याकडे येत होतं. दिसत काहीच नव्हतं, दिसत होते फक्त थेंब. धुक्यात एका सरळ रेषेत पाण्याचे थेंब लोंबत होते, माळेतले मणी असावेत तसे, आणि ती माळ कठड्यावरून सरकत मधोमध आली, खाली पडली आणि तिच्या नव्याकोऱ्या पट्टीवर अडकली. ताणली गेली. अख्खा पूल हुंकारला.

पुढच्या टापा थांबल्या. खाली, पुलाच्या तोंडाशी, पाणी कशालातरी आपटून चुबुक चुबुक करायला लागलं. काहीतरी लांब, जड येऊन थांबलं होतं. जिथे थांबलं होतं तेवढ्या जागेत धुकं नव्हतं. थेट नळाच्या धक्क्यापर्यंत धुक्यात एक पोकळी होती, आणि त्या पोकळीत शेगडीची ऊब होती. लॉर्नाच्या गालांना ती लागली. भीती वाटायला हवी होती, पण तिला वाटलं, फार मोठ्या देवळात आल्यासारखं नुसतं हळू बोलू नये, श्वासही हळूच घ्यावा...

"लॉर्ना," विल्फ खालून म्हणाला. तो उभा होता. काठी बाकावरच होती. "बघ, थांबलीये ती. इथं कधी थांबत नाही. दरवर्षी जाते, मी बघतो, पण थांबत नाही."

"कोण, डॅड?"

"थांबलीच आहे तर... चढतो मी."

त्याने एक पाय उचलला आणि धक्क्याच्या पलीकडे, त्या पोकळीवर धरला. झटका आल्यापासून त्याला एका पायावर उभं राहता येत नव्हतं. आता तो बगळ्यासारखा उभा होता.

धावत खाली जायला वेळ नव्हता, आणि आता तिला कळलं. बोट थांबली होती ती तिच्यामुळे. तिच्या पट्टीमुळे. इतकी वर्षं जी सुखाने निघून जायची तिला लॉर्ना ट्रँटरने, चार बोल्ट घट्ट पिळून, बापाच्या पायाशी आणून उभी केली होती!

ती गुडघ्यांवर पडली. पाना घसरत होता. ओली, केसाळ दोरी तिच्या मनगटाला घासत होती, दिसत नव्हती, घासत होती. "डॅड, थांब हं... जरा थांब... माझा बोल्ट बघ कसा अडकलाय..." ती काहीबाही बोलत राहिली, लहान मुलाला गुंतवून ठेवावं तसं.

शेवटचा बोल्ट सुटला. पट्टी उडाली, फटीतून खाली गेली. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. लाकडी फळ्यांवर पडल्याचा आला.

ती माळ फटीत शिरली आणि निसटली. टापा पुढे निघाल्या. लॉर्नाच्या पायांखालून काहीतरी जात राहिलं, जात राहिलं, केवढं लांब... आणि काठाला बांधलेल्या बोटी एकामागून एक हलल्या, जणू ओळखीच्या माणसाला मान लववत होत्या.

विल्फचा पाय खाली आला. धक्क्यावरच.

"गेली," तो म्हणाला. रडत नव्हता. "घाईत दिसली. वळवून येते म्हणाली."

"वळवून?"

"बोट अशी जागच्या जागी वळते होय, पोरी? वर रुंद जागा आहे ना, तिथे नेऊन वळवायची. मग परत यायचं."

लॉर्नाने त्याला घट्ट धरून घरी नेलं, बोटीत निजवलं आणि रात्रभर स्वतःची समजूत घातली. वरचा कालवा कधीच गाळाने भरलाय. ती रुंद जागा म्हणजे नुसतं लव्हाळ्याचं रान. तिथे बदकालाही वळता येत नाही.

उजाडल्यावर ती बघायला गेली. लव्हाळं आडवं झालं होतं. पूर्ण गोलात, कुणीतरी तळहाताने थोपटून बसवावं तसं. समोरच्या काठाच्या मातीत, बोटीचं नाक टेकवून वळतात तिथे, ताजी खोलगट खूण होती. आणि काठाच्या वाटेवर पुलाच्या दिशेने, घराच्या दिशेने, टापांचे ठसे. त्यांच्या मधोमध घोड्याची लीद पडली होती. थंडीत तिच्यातून वाफ निघत होती.

बस सुटत असली तरी न धावणारी लॉर्ना धावली.

विल्फ बोटीतच होता. दाढी केलेली, बूट चमकवलेले, रविवारचा कोट. समोर चहाचा कप.

"डॅड..."

"हळू बोल. बाहेर उभी आहे." त्याने खिडकीकडे मान हलवली. खिडकी धुक्याने पांढरी होती. तेवढ्यात त्यांची बोट एका अंगाला हलकेच झुकली, शेजारी दुसरी येऊन टेकावी तशी. "मी म्हटलं तिला, एवढा चहा संपवून येतो. लेकीने केलेला चहा टाकून येत नाही मी."

"मी कुठे केलाय? तूच केलायस."

"ते तिला कुठे माहीत आहे?" विल्फ म्हणाला आणि डोळा मारला.

त्याने एक घोट घेतला. मग आणखी एक. कप अर्धा झाला. बाहेर घोड्याने पाय आपटला.

लॉर्नाने किटली उचलली आणि त्याचा कप काठोकाठ भरला. मग बोटीतला नळ सोडून दुसरी किटली भरली आणि चुलीवर चढवली.